तेरचें त्रिविक्रम मंदिर

ज्या घरांत संतचरित्रें नित्य वाचलीं जातात, तेथें तेर म्हटलें कीं गोरोबाकाकांचें नांव निघतें, आणि तें योग्यच आहे. परंतु तेरणेच्या कांठच्या या गांवीं गोरोबांच्याही पूर्वीं कित्येक शतकें उभी असलेली विटांची एक लहानशी वास्तु आहे. समाधीचें दर्शन घेऊन परतणारे बहुतेक लोक तिच्याकडे वळत नाहींत. धाराशिव जिल्ह्यांतील हें त्रिविक्रमाचें देऊळ होय.

आधीं गांवाचें नांव पाहूं. प्राकृतांत दोन स्वरांमधील गकार लोपतो; म्हणून 'नगर' याचें 'नयर' झालें, आणि पुढें तेंच संगमनेर, अंमळनेर यांच्या शेपटीस 'नेर' होऊन राहिलें. याच न्यायानें 'तगर' याचें 'तेर' झालें. प्राचीन तगर तें हेंच, असें फ्लीट यांनीं १९०१ सालीं प्रतिपादिलें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचें लिहिलें असून, तेथलें कापड गाड्यांत घालून आडरानांतून भडोच बंदरास नेत, असेंही सांगितलें आहे. शिलाहार राजे तर कोंकणांत राज्य करीत असतांही स्वतःस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत. तेरच्या संग्रहालयांत एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति आहे. तिच्या जातीची मूर्ति इसवी सन ७९ मध्यें राखेखालीं गडप झालेल्या इटलींतील पाँपेई शहरांत सांपडली आहे. इतक्या दूरवर ज्याचा व्यवहार, त्या नगराचें आज एक खेडें उरलें आहे.

आतां देवळाकडे येऊं. समोरून पाहिलें तर सपाट छताचा एक साधा मंडप दिसतो. तो मागाहून जोडलेला. खरें महत्त्व आहे तें त्याच्या पाठीमागच्या गाभाऱ्याला. याची मागली भिंत सरळ नसून अर्धवर्तुळाकार वळलेली आहे, आणि वरचें छप्पर पालथ्या पिंपाप्रमाणें गोलसर आहे. आपल्या शिल्पग्रंथांत या आकारास 'गजपृष्ठ' असें समर्पक नांव आहे; बसलेल्या हत्तीची पाठच ती! कार्ले व भाजे येथें डोंगर पोखरून जी चैत्यगृहें केलीं त्यांचा घाट हाच. तेथें दगडाच्या छतालाही लांकडी फासळ्या बसविल्या आहेत, कारण मूळ चैत्यगृहें लांकडाचीं असत. तेरच्या गवंड्यानें तोच आकार विटांत उभा केला. विसाव्या शतकाच्या आरंभीं पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझेन्स यांनीं या वास्तूचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि हें मूळचें बौद्ध चैत्यगृह असून पुढें त्यांत विष्णूची स्थापना झाली, हें मत तेव्हांपासून रूढ झालें. काल सामान्यतः पांचव्या-सहाव्या शतकाच्या आसपासचा मानतात.

हें सांगितलें कीं आमच्या कांहीं वृद्ध स्नेह्यांच्या कपाळास आंठी पडते. 'आपल्या देवळास बौद्धांचें कसें म्हणतां?' असा त्यांचा प्रश्न. त्यांच्या बाजूनें एक पुरावा आहे, तो मान्य केला पाहिजे. ऐहोळेचें दुर्गामंदिरही गजपृष्ठाकार आहे, आणि आंध्रांतील गुडिमल्लमच्या शिवालयाचाही घाट तोच. तेव्हां केवळ आकारावरून निकाल देतां येत नाहीं, आणि कांहीं अभ्यासकांनीं तेरविषयीं तशी शंका घेतलीही आहे. तथापि तगरांत बौद्धांची वस्ती होती, हें उत्खननांतून निघालेल्या अवशेषांवरून ठरलेलें आहे. मला स्वतःस चैत्याचा पक्ष अधिक बळकट वाटतो.

पण समजा, तो पक्ष खरा ठरला, तर त्यांत आपला कमीपणा तो कोणता? उघड्यावर बांधलेलीं विटांचीं चैत्यगृहें या देशांत पुष्कळ होतीं. आज बहुतेकांचे नुसते पाये उरले आहेत. आंध्रांतील चेझर्ला येथील कपोतेश्वराचें देऊळ आणि तेरचें हें देऊळ छपरासकट उभीं आहेत, कारण भिक्षु गेल्यावरही तेथें दिवा लागत राहिला. ज्या वास्तूंत पूजा चालते तिचें छप्पर गळलें तर कोणी तरी शिवतो. ओसाड भिंतीच्या विटा मात्र शेजारच्या गोठ्यास जातात. भिक्षूंनीं बांधलें आणि त्रिविक्रमानें राखलें, असें म्हणण्यांत मला तरी दोघांचाही मान दिसतो. दशावतारांत वामन पांचवा व बुद्ध नववा. एका घरांत दोघे नांदले तर एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आपणांस त्याचें नवल वाटूं नये.

भीति आहे ती निराळी. अलीकडे जीर्णोद्धार म्हणजे सिमेंटचा गिलावा आणि वर चकचकीत तैलरंग, असा समज गांवोगांवीं पसरला आहे. जुन्या सच्छिद्र विटेंत शिरलेला ओलावा मग बाहेर पडूं शकत नाहीं, आणि वीट आंतल्या आंत भुसभुशीत होते. तेरच्या जुन्या विटा तर विशेष हलक्या. कांहीं पाण्यावर तरंगतात. मातीत मिसळलेला भुसा भट्टींत जळून पोकळ्या राहिल्यामुळें त्या अशा झाल्या, असें सांगतात. आपल्या घरांतून कोणत्याही प्राचीन देवळास देणगी जात असेल तर ती कोणत्या कामास लागणार, हें विचारून घ्यावें. जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं चुन्याचें काम होणार असेल तर दुप्पट द्यावी.

गोरोबांच्या दर्शनास जाल तेव्हां घरांतील मुलांना या देवळाच्या मागच्या बाजूस अवश्य न्यावें. पुढून कांहींच कळत नाहीं. हत्तीची पाठ दिसते ती मागूनच.