उरलेले पाणी

बडोद्याच्या दांडिया बाजारातील जुन्या मराठी घरांत ‘लघवी साफ होत नाही’ ही वडीलधाऱ्यांची तक्रार बहुधा वयावर ढकलून मिटवली जाते, आणि हे खरोखर दुःखद आहे. कारण मूत्राशय पुरते रिकामे न होण्यामागे वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीने मूत्रमार्ग आवळणे, जुन्या मधुमेहाने मूत्राशयाच्या नसा बधिर होणे किंवा सर्दीच्या काही गोळ्या अशी शोधता येणारी कारणे असतात. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे, म्हणजे मूत्र अडण्याचे, १२ प्रकार सांगितले आहेत, यावरून हा त्रास किती जुना आहे ते कळते.

सोनोग्राफीत भरलेले मूत्राशय आधी पाहून, रुग्ण लघवी करून परतल्यावर आत उरलेले मूत्र मोजतात. ते ५० मिलिलिटरच्या आत असल्यास सहसा चिंता नसते, २०० च्या वर गेल्यास मात्र उपचारांचा विचार करावा लागतो, कारण साचलेल्या मूत्रात जंतू वाढतात, खडे धरतात आणि पुढे मूत्रपिंडांवरही ताण येऊ शकतो. सौम्य त्रासात घाई न करता बसून, अर्धा-एक मिनिट थांबून पुन्हा प्रयत्न करणे उपयोगी पडते. ज्यांना तेवढे पुरत नाही त्यांच्यासाठी अमेरिकी शल्यचिकित्सक जॅक लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये मांडलेली पद्धत आहे: साबणाने हात धुऊन, बारीक नळी स्वतःच घालून मूत्राशय रिकामे करायचे आणि नळी लगेच काढायची. पहिल्या दिवशी हात थरथरतो. शिकवणारी परिचारिका धीराची असली, की थोड्याच दिवसांत तो सरावतो. लघवी पूर्णच अडली व ओटीपोट फुगले, तर मात्र रात्र असो वा दिवस, तत्काळ रुग्णालय गाठावे.