पृ. ३२१–२८

‘तळटीपांवर सोप्या भाषेत लिहा,’ असं संपादक म्हणाले. तळटीप सोपी असती तर माझं घर कशावर चाललं असतं? पण यंदा आलेलं एक प्रकरण अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो.

पार्ले पूर्वेला, हनुमान रोडजवळ बसून मी पीएच.डी.चे प्रबंध सादर करण्याजोगे करून देतो. इतिहासाचे आणि मराठीचे जास्त. २००६ साली झोटेरो हे संदर्भ लावून देणारं सॉफ्टवेअर आलं, पुढे मेंडेले आलं, आणि संदर्भ ‘आपोआप’ होतात ही समजूत पक्की झाली. होतात की! लेखक, शीर्षक, प्रकाशक, साल, स्वल्पविराम, सगळं होतं. पान तेवढं होत नाही. तुम्ही कुठलं पान वाचलंत हे त्या बिचाऱ्याला कसं कळणार? ते तळटीप घालताना, पुस्तक निवडल्यावर, त्याच चौकटीत लिहायचं असतं. मंडळी ते नोंदीतल्या ‘पृष्ठे’ या रकान्यात भरतात. तो रकाना, लेख नियतकालिकात कुठपासून कुठपर्यंत छापलाय, त्यासाठी आहे. नाहीतर सरळ वर्डमध्ये हाताने टाइप करतात आणि पुढच्या रिफ्रेशला ते उडालं की मला फोन.

तर ते प्रकरण. एका मुलीचा प्रबंध, मराठीत, संदर्भांची पद्धत ‘शिकागो’ या शैलीवरून बेतलेली, ‘पृ.’ लावणारी. बाहेरच्या परीक्षकांनी एका इंग्रजी पुस्तकाच्या तळटीपेवर शेरा मारला, ‘पृ. ३२१–२८ : पृष्ठक्रम उलटा. तळटीपा निष्काळजीपणे केल्या आहेत.’ आता शिकागोच्या नियमाने ३२१ ते ३२८ हे ३२१–२८ असंच लिहितात. १०७ ते १०८ म्हणजे १०७–८. पण १०० ते १०४ मात्र पूर्ण, कारण शंभराच्या पटीला वेगळा न्याय. (कंटाळलात? मी रोज हेच करतो.) खरी मेख पुढे आहे. ही काटछाट सॉफ्टवेअर फक्त इंग्रजी आकड्यांवर करतं. देवनागरी आकडे त्याच्या लेखी नुसती अक्षरं. त्यामुळे इंग्रजी पुस्तकांचे आकडे आखडलेले, मराठी पुस्तकांचे शाबूत, आणि दोन्ही एकाच पानाच्या तळाशी! शैलीच्या फाइलमध्ये ‘शिकागो’च्या जागी ‘एक्स्पांडेड’ एवढा एक शब्द घातला की भागतं. मराठीत आकडे पूर्णच लिहावेत असं माझं मत आहे आणि ते मी सोडणार नाही. गाईड म्हणाले, ‘शिकागो म्हणजे शिकागो.’ प्रबंध परत आला तेव्हा बोलणी मात्र त्या मुलीने खाल्ली.

इतिहासवाल्यांचं दुखणं आणखी वेगळं. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८चा. त्यातल्या पत्रांना लेखांक आहेत आणि जाणकार हवाला देतात तो लेखांकाचा, कारण आवृत्ती बदलली की पान बदलतं, लेखांक बदलत नाही. झोटेरोच्या यादीत पान आहे, प्रकरण आहे, परिच्छेद आहे, ओळदेखील आहे, लेखांक नाही. मग पानाची चौकट रिकामी ठेवून शेजारच्या ‘सफिक्स’मध्ये ‘लेखांक ४५’ असं लिहायचं. हे न सांगता कुणालाच सुचत नाही. सगळे पानाच्या चौकटीतच लिहितात आणि छापून येतं ‘पृ. लेखांक ४५’. असे प्रबंध एकाही शेऱ्याविना मंजूर झालेले मी पाहिलेत.