शिळा बर्फ

एप्रिलमध्ये चोपत्याला पोचलेल्या माणसांचा पहिला सूर बहुधा नाराजीचा असतो. पांढराशुभ्र बर्फ मनात धरून पुण्या-मुंबईहून रेल्वे, मग ऋषिकेशपासून वळणावळणाचा दिवसभराचा गाडीप्रवास करायचा आणि समोर काय, तर रस्त्याकडेला खंगलेले मळकट ढिगारे. वर पाचोळा, खेचरांची लीद, कुणाच्या तरी बिस्किटपुड्याचा कागद. मला मात्र हिमालयातला हाच बर्फ सगळ्यात जास्त आवडतो. जानेवारीतला ताजा बर्फ डोंगराचे सगळे कंगोरे बुजवून टाकतो. एप्रिलपर्यंत टिकलेला बर्फ जागा धरून असतो : उत्तरेकडच्या उतारावर, घळीत, वाऱ्याने जिथे त्याचा थर रचला त्या कडेखाली. कुठल्या कुशीत ऊन किती वेळ रेंगाळतं, हे त्याच्याकडे पाहून सांगता येतं.

चोपता साधारण 2,700 मीटरवर आहे. म्हणजे आपण गाडीतून उतरतो तीच जागा कळसूबाईच्या माथ्यापेक्षा किलोमीटरभर उंच. तिथून तुंगनाथचं देऊळ 3,680 मीटरवर आणि त्याच्याही वर, चार हजारांच्या आसपास, चंद्रशिला. सुरुवातीची वाट बुरांशाच्या झाडांतून जाते. या दिवसांत ती लालभडक फुललेली असतात, आणि जसजसं वर जावं तसा तो लाल गुलाबीकडे झुकत जातो. गळलेली फुलं बर्फावर पडतात आणि तिथेच थोडी थोडी आत रुततात. गडद रंग ऊन शोषतो, खालचा बर्फ तेवढाच वितळतो. वाळक्या पानाखाली तर हुबेहूब पानाच्या आकाराचा खड्डा झालेला दिसतो. ताजा, स्वच्छ बर्फ अंगावर पडलेल्या उन्हापैकी ऐंशी-नव्वद टक्के परत फेकतो. धूळ बसली, की ही ताकद झपाट्याने उतरते. मळलेला बर्फ लवकर का जातो, त्याचं उत्तर हे असं वाटेत पसरलेलं असतं.

सह्याद्रीत वाढलेल्या पायांना इथे सगळं उलटं शिकावं लागतं. आपल्याकडे भरवसा कातळाचा. घसाऱ्यावर पाय सरकला, तर हात आपोआप खडकाकडे जातो आणि सहसा खडक दगा देत नाही. शिळ्या बर्फात खडकाशेजारचीच जागा सगळ्यात फसवी. दिवसभर तापलेला खडक भोवतालचा बर्फ आतून वितळवत राहतो. वरची साय शाबूत आणि खाली पोकळी. नवखा माणूस नेमका दगडाच्या आधाराला जातो आणि मांडीपर्यंत आत. झाडांच्या बुंध्याशीही तेच. ओढ्यावर साचलेल्या बर्फाखालून पाण्याचा आवाज येत असेल, तर वरचं छप्पर किती जाड उरलं आहे ते ओळखीच्या माणसाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये.

त्याहून वाईट म्हणजे फरसबंदी वाट. देवळापर्यंत दगडांची चांगली बांधीव वाट आहे आणि बर्फ चुकवायला लोक हौसेने तिच्यावर येतात. दिवसा वितळलेलं पाणी याच दगडांवरून वाहतं आणि रात्री तिथेच गोठतं. काचेसारखा पातळ, जवळपास न दिसणारा थर. मी पाहिलेली बहुतेक माणसं बर्फात न पडता या पायऱ्यांवर आपटली. चोपत्याच्या टपऱ्यांवर बुटांना लावायच्या काट्यांच्या साखळ्या भाड्याने मिळतात. तिथे घासाघीस करणारे आणि ‘आम्ही हरिश्चंद्रगड केलाय’ सांगणारे बहुधा आपलेच असतात, हेही नोंदवून ठेवतो.

इथे दिवसाला दोन स्वभाव असतात. पहाटे बर्फाची पाठ टणक असते, बूट वरच्या वर राहतो, करकर आवाज येतो. दहा-अकराच्या सुमाराला तीच पाठ भुसभुशीत होते आणि पावलागणिक पाय आत जायला लागतो. लोक पहाटे निघतात ते चंद्रशिलेवरचा सूर्योदय गाठायला. सूर्योदय सुंदर असतोच. चौखंबा समोर पेटतो, पूर्वेला नंदादेवी आणि त्रिशूळ. पण पहाटे निघण्याचं खरं कारण पायाखाली असतं, आणि ते सांगायचं सोडून सहली नेणारे फोटोचंच आमिष दाखवतात.

देऊळ या दिवसांत बंद असतं. पंचकेदारांतलं हे तिसरं, शिवाचे बाहू इथे प्रकटले अशी कथा. हिवाळाभर पूजा खाली मक्कूमठला होते, आणि देवळाचं कपाट, म्हणजे दार, कधी उघडायचं ती तिथी बैसाखीला तिथेच जाहीर होते. बंद दारासमोर उभं राहून हात जोडणारी माणसं मी पाहिली आहेत. एकीने चपला काढून थेट गारठलेल्या दगडावर डोकं टेकलं. रांग नाही, ‘चला, चला’ म्हणणारं कुणी नाही. देवळामागच्या उताराला, बर्फ नुकता मागे सरला त्या ओल्या रेघेवर, प्रिम्युलाचे जांभळे गेंद उमललेले असतात. त्यांच्या वरच्या अंगाला हातभर अंतरावर अजून बर्फ.

कपाट उघडलं, की गर्दी, खेचरं आणि प्लास्टिक एकदमच वर चढतात. म्हणून जायचं असेल तर बैसाखीनंतर, पण कपाट उघडण्याआधी जा. काटे भाड्याने घ्या, चहा उतरल्यावर प्या आणि अकराच्या आत बर्फाचा पट्टा मागे टाका.