माजघरातली रेंज

आई मोरीकडे जाताना पडल्या तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. मिरगाचा पाऊस कोसळत होता, लाइट नव्हती. त्यांना हलवायचं नाही, एवढंच मला सुचलं. डोक्याखाली उशी सरकवली आणि राजापूरच्या डॉक्टरांना फोन लावायला घेतला. माजघरात रेंज नाही. ओटीवर नाही. पडवीत नाही. खळ्यात भर पावसात फोन पदराखाली धरून उभी राहिले, तिथेही दांड्यांच्या जागी फुली.

शेवटी गडग्यापलीकडच्या घराचं दार वाजवलं. प्रथमेश उशाचा फोन घेऊन तसाच धावत आला आणि आमच्याच माजघरात, आईंच्या शेजारी उकिडवा बसून, डॉक्टरांशी बोलला. पहिल्या खेपेला लागला त्याचा फोन. त्याचं आणि माझं सिम एकाच कंपनीचं. महिनाभरापूर्वी सड्यावर सुरू झालेला टॉवरही त्याच कंपनीचा.

खुब्याचं हाड मोडलं होतं. रत्नागिरीत शस्त्रक्रिया झाली, आता आई वॉकर घेऊन खळ्यापर्यंत येतात. पण घर तेच, भिंती त्याच, कंपनी तीच, आणि एका फोनला रेंज तर दुसऱ्याला नाही, हे माझ्या डोक्यातून जाईना. मी पुण्यात 31 वर्षं शाळेत मराठी शिकवलं. विज्ञानाशी संबंध दहावीला सुटला तो सुटलाच. तरी हे कळून घ्यायचंच, असं मी रत्नागिरीच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून ठरवलं.

परत आल्यावर प्रथमेशला विचारलं. त्याने दोन वर्षं टॉवरच्या देखभालीचं काम केलं आहे. तो म्हणाला, "काकू, सिम द्या जरा." माझं सिम त्याने स्वतःच्या फोनमध्ये घातलं. तीन दांड्या. त्याचं सिम माझ्या फोनमध्ये घातलं. फुली. मग सगळं जागच्या जागी लावून तो म्हणाला, "टॉवर बरोबर आहे, सिम बरोबर आहे. तुमच्या फोनला अठ्ठावीस नाही."

अठ्ठावीस काय? मी तोंडाकडे बघत राहिले.

माझा फोन म्हणजे मुलीचा जुना फोन, 2017 सालचा. तिने नवा घेतला तेव्हा हा मला दिला. काच शाबूत, बॅटरी बरी, मग टाकायचा कशाला? मुलीने खोकं जपून ठेवलं होतं. त्यातल्या माहितीपुस्तिकेचा फोटो तिने प्रथमेशच्या फोनवर पाठवला. बारीक अक्षरात एक ओळ होती: बँड 1, 3, 5, 8, 40, 41. अठ्ठावीस खरंच नव्हता. आणि आमच्या सड्यावरचा टॉवर 4जी फक्त त्याच बँडवर देत होता.

पहिले दोन दिवस त्या क्रमांकांनीच मला चकवलं. मला वाटलं, मोठा नंबर म्हणजे मोठा बँड. तसं नाही. नंबर 28 म्हणजे 700 मेगाहर्ट्झचा पट्टा. नंबर 5 म्हणजे 850, नंबर 8 म्हणजे 900, पण नंबर 3 म्हणजे 1800 आणि नंबर 1 म्हणजे 2100. नंबर 40 हा 2300 आणि 41 हा 2500. बँडच्या नंबराचा फ्रिक्वेन्सीच्या लहानमोठेपणाशी काही संबंध लागत नाही. घरांना मिळत गेलेल्या नोंदणी क्रमांकांसारखे ते आहेत, एवढं मनाशी धरल्यावर माझी वाट मोकळी झाली. बघायची ती फ्रिक्वेन्सी.

फ्रिक्वेन्सी म्हणजे सेकंदाला किती लहरी. 700 मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला 70 कोटी. लहरी धावतात प्रकाशाच्याच वेगाने, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. तेव्हा वेगाला फ्रिक्वेन्सीने भागलं की एका लहरीची लांबी निघते. हा भागाकार मी पाटावर बसून, शिवणाच्या टेपसकट केला. 700च्या पट्ट्यातली लहर साधारण 40 सेंटिमीटर, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या हातभराला थोडीशी कमी. 1800ची 17 सेंटिमीटर, अपुरी वीत. 2300ची 13. शहरातल्या 5जीची 3300 मेगाहर्ट्झची लहर जेमतेम 9 सेंटिमीटर, म्हणजे पाच बोटं आडवी धरली तर तेवढीच. फोनमधून येतं ते काहीतरी अदृश्य, अमाप असं मी समजत होते. त्याला टेप लावता येते हे बघून मला फार बरं वाटलं.

लांब लहर डोंगराच्या कडेवरून वळते, भिंतीतूनही त्यातल्या त्यात कमी नुकसान होऊन आत येते. आखूड लहरीला ते जमत नाही. शिमग्यात पालखी पऱ्यापलीकडच्या वाडीत असते तेव्हा आपल्या ओटीवर आधी काय ऐकू येतं? ढोल. झांज ऐकू येते ती पालखी पाणंदीच्या वळणावर आल्यावर. ध्वनीच्या लहरी वेगळ्या आणि रेडिओच्या वेगळ्या, पण लांब लहर आडोशाला वळसा घालून पुढे जाते ही रीत दोन्हीकडे सारखीच. आमची वाडी खोलात, मध्ये फणसा-आंब्यांची दाटी, आणि घर चिऱ्यांचं. दीड फूट जाडीच्या जांभ्याच्या भिंती, त्याही ओटीपासून माजघरापर्यंत दोन. अशा घराला ढोलच हवा.

दांड्यांवर विसंबायचं नाही, हेही प्रथमेशनेच शिकवलं. किती ताकदीला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो. एकाच जागी एक फोन तीन दाखवील, दुसरा दोन. खरा आकडा आत असतो. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमध्ये जाऊन 'अबाउट फोन'मध्ये सिमची स्थिती उघडली की 'सिग्नल स्ट्रेंग्थ' दिसते. आकडा उणे असतो, आणि एकक डीबीएम. 4जीत उणे 85 म्हणजे छान. उणे 110च्या पुढे आवाज तुटायला लागतो, उणे 120च्या आसपास फोन हात टेकतो.

प्रथमेशचा फोन हातात घेऊन मी घरभर फिरले. खळ्यात तुळशीपाशी उणे 95. पडवीत 99. ओटीवर 106. माजघराच्या मधोमध 113. आईंच्या खाटेपाशी, फोन कोनाड्यात ठेवला तर 115. नुसती पाठ टॉवरकडे केली तर आणखी दोन-तीनने खाली, कारण मध्ये माझंच अंग. हे आकडे सरळ वजाबाकीचे नाहीत. दर 10ला ताकद दहावा हिस्सा होते. म्हणजे तुळशीपासून आईंच्या खाटेपर्यंत, वीसेक पावलांत, सिग्नल शंभरावा हिस्सा उरला होता. तरीही फोन लागत होता. 700च्या जागी 2300 असतं तर त्या भिंतींनी तेवढंही आत येऊ दिलं नसतं.

माझ्या जुन्या फोनची बॅटरी दुपारीच का संपायची, तेही कळलं. रेंज न मिळालेला फोन स्वस्थ बसत नाही, सारखा शोधत राहतो. आणि टॉवर दूर असेल तर त्याला आपलं म्हणणं पोचवायला जास्त जोर लावावा लागतो. मी बॅटरीला दोष देत होते.

श्रावणात नवा फोन घेतला, महाग नाही, पण यादीत 28 बघून. आईंच्या खाटेपाशी बसून पुण्याला मुलीला फोन लावला. लागला. आईंनी नातीशी बोलायला फोन कानाला धरला तेव्हा मी उठून बाहेर आले.

मला वाटलं, शिकायचं ते संपलं. मग गणपती आले.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी वाडीतली कुलुपं निघाली. मुंबईचे चाकरमानी आले, घरटी आठ-दहा माणसं आणि तेवढेच फोन. माझ्या फोनला दांड्या तीनच, आकडा रोजचाच. पण आरतीचा एक फोटो मुलीला जाता जाईना. ताकद होती तशी आहे आणि नेट चालत नाही, हे कोडं आधीच्यापेक्षाही मला अवघड गेलं.

इथे मला आमच्या पोफळीच्या बागेतल्या पाटाने समजावलं. पाट लांबवर जातो म्हणजे तो रुंद असतोच असं नाही. पाणी शेवटच्या अळ्यापर्यंत पोचतं ही एक गोष्ट, आणि एका वेळी किती पोचतं ही दुसरी. फ्रिक्वेन्सी खाली की वर, त्यावर लहर कुठवर जाईल ते ठरतं. वेग मात्र कंपनीकडे त्या जागी किती रुंदीचा पट्टा आहे त्यावर ठरतो. साध्या 4जीत 20 मेगाहर्ट्झची रुंदी मिळाली तर कागदावरचा सर्वोच्च वेग सेकंदाला 150 मेगाबिट, 5चीच मिळाली तर 37च्या आसपास. आणि हा एका फोनचा नव्हे, त्या टॉवरच्या त्या बाजूला असलेल्या सगळ्या फोनांत मिळून. एरवी वाडीत पंधरा-वीस फोन, गणपतीत तीनशे. प्रत्येकाच्या अळ्यात किती पाणी पडणार?

रुंद पट्टे वरच्या मजल्यावर असतात. 1000 मेगाहर्ट्झच्या खाली मुळात जागाच थोडी, त्यात 700, 850, 900 असे तुकडे आणि त्यांचेही कंपन्यांत वाटे. वर 2300ला, 3300ला ऐसपैस जागा आहे. पण ती लहर आमच्या माजघरात येत नाही. म्हणून एक बँड दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही, दोन्ही लागतात. फोनवर कधी 4जीपुढे अधिकचं चिन्ह दिसतं, तेव्हा फोन दोन-तीन पट्टे एकदम जोडून घेत असतो.

दिवाळीत पुण्याला मुलीकडे गेले तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. तिचा फ्लॅट पाचव्या मजल्यावर. तिचं सिम दुसऱ्या कंपनीचं. प्रथमेशने माझ्या फोनमध्ये बँड दाखवणारं एक ॲप टाकून दिलं होतं, त्या फोनात तिचं सिम घालून बघितलं. बाल्कनीत फोन 2300वर होता. दांड्या दोन, आणि व्हिडिओ सुरळीत. आतल्या खोलीत गेले तर फोनने आपण होऊन 850 धरला. दांड्या चार झाल्या आणि वेग निम्म्याहून खाली आला. दांड्या वाढल्या की नेट वाढतं असं मी सात वर्षं समजत होते, आणि इथे माझ्या हातात उलटं घडत होतं.

5जीचंही तसंच. देशात ते 1 ऑक्टोबर 2022ला सुरू झालं. त्याआधी जुलै-ऑगस्टमध्ये लिलाव झाला, त्यात काही कंपन्यांनी 3300च्या पट्ट्यात 100 मेगाहर्ट्झ किंवा त्याहून जास्त रुंदी घेतली. जिओने 700मध्येही 10 मेगाहर्ट्झ घेतले. फोनच्या पडद्यावर मात्र दोन्हींना एकच शब्द, 5जी. आपल्याला मिळतो तो 100चा पाट की 10चा, हे तो शब्द सांगत नाही.

या लिलावांची एक गोष्ट मला लागून राहिली आहे. 700चा पट्टा 2016च्या लिलावात होता, किंमत फार म्हणून कोणीच घेतला नाही. 2021मध्येही नाही. पहिल्यांदा विकला गेला तो 2022 साली. डोंगरातल्या, खोलातल्या, चिरेबंदी घरांत सगळ्यांत चांगला पोचणारा पट्टा सहा वर्षं नुसता पडून होता. सरकारच्या हिशेबाचं मला कळत नाही असं म्हणून मी हे सोडून देणार नाही. त्या सहा वर्षांत किती घरांतून, किती रात्री, माणसं फोन पदराखाली धरून खळ्यात उभी राहिली असतील.

आणि त्या उशिराचा एक परिणाम अजून आपल्या घरात आहे. 700चं 4जी इथे आलंच उशिरा, म्हणून त्याआधी आपल्याकडे विकलेल्या कित्येक फोनांत 28 नंबर नाही. ते फोन आज कुठे आहेत? मुंबई-पुण्याच्या मुलांनी नवे घेतले आणि जुने गावी आईवडिलांना दिले. प्रेमानेच दिले, माझ्या मुलीने दिला तसेच. ज्यांच्या घरात फक्त लांबची लहर पोचते, त्यांच्याच हातात ती न ऐकणारा फोन आहे.

आमच्या वाडीत प्रथमेशने आणि मी घरोघर जाऊन फोन तपासले. 19 घरांत असे 11 फोन निघाले. सगळे साठीच्या पुढच्या माणसांकडे. कंपनीने टॉवर बसवला तेव्हा हे वाडीत कोणीतरी येऊन सांगायला हवं होतं. कोणी सांगितलं नाही. राजापुरात ज्या दुकानातून मी फोन घेतला तिथेही बँड विचारणारी मी पहिलीच, असं दुकानदार म्हणाला.

तेव्हा गावी जुना फोन पाठवण्याआधी एवढं करा. गावातल्या टॉवरवर कोणता बँड चालतो ते तिथल्या कोणाला तरी विचारा, किंवा कंपनीला विचारा. मग फोनच्या मॉडेलच्या माहितीत बँडची ओळ वाचा. तो नंबर त्यात नसेल तर फोन पाठवू नका. आणि पाठवून झाला असेल, तर पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा तो माजघरात उभं राहून एकदा लावून बघा.