मेलबर्नची शिडी आणि सट्ट्याचा भाव

मेलबर्नला मे महिन्यात हिवाळा तोंडावर आलेला असतो. आपल्याकडे शाळांना सुट्टी आणि अंगाची लाही लाही, तर तिकडे सायंकाळी सव्वापाचलाच मगरिबची वेळ होते. आमचे थोरले दीर शहराच्या उत्तरेला ब्रॉडमेडोज भागात राहतात. तुर्की, लेबनानी, इराकी अशा अनेक मुस्लिम कुटुंबांची ही वस्ती. जवळच तुर्कांची मशीद, हलाल मांसाची दुकाने, आणि नमाजनंतर मशिदीच्या दारात चाललेल्या गप्पा. आम्हाला वाटले, गप्पा नोकरीच्या, नाहीतर गावाकडच्या असतील. पण म्हातारे आणि पोरे, सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता: फुटी.

फुटी म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल. आपल्या ओळखीच्या फुटबॉलशी याचे साम्य फारसे नाही. मैदान क्रिकेटचे, लांबट गोल. चेंडूही लंबगोल. प्रत्येक बाजूला १८ खेळाडू. चेंडू लाथेने उडवायचा, हवेत झेलायचा, हाताने द्यायचा असेल तर मुठीने ठोसून द्यायचा, फेकायचा नाही. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून चेंडू लाथेने गेला तर गोल, त्याचे ६ गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर १ गुण. १२ गोल आणि ९ एकेरी गुण झाले की ७२ अधिक ९, म्हणजे ८१.

खेळ जुना आहे. टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ साली पत्र लिहून सुचवले की क्रिकेटवाल्यांनी हिवाळ्यात हातपाय आखडून बसू नये, काहीतरी खेळावे. १८५९ मध्ये मेलबर्नच्या क्लबने नियम लिहून काढले. त्या भूमीतले मूळ रहिवासी त्याही आधीपासून प्राण्याच्या कातडीचा चेंडू करून असाच एक खेळ खेळत. त्याचा या खेळाशी किती संबंध, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. शहराला मात्र या खेळाचे असे वेड आहे की सप्टेंबर अखेरच्या शनिवारी अंतिम सामना असतो आणि त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, २०१५ पासून राज्याला सरकारी सुट्टी असते.

भाईसाहेबांनी आम्हाला नेले ते रिचमंड आणि एसेंडन यांच्या सामन्याला. हा सामना दरवर्षी मे महिन्यात मूळ रहिवाशांच्या सन्मानार्थ खेळला जातो. एसेंडनचे मायकल लाँग हे स्वतः मूळ रहिवासी. आपल्या लोकांचे गाऱ्हाणे पंतप्रधानांच्या कानी घालण्यासाठी ते २००४ मध्ये मेलबर्नहून कॅनबेराकडे पायी निघाले होते. त्याची आठवण म्हणून सामन्याआधी हजारो लोक फेडरेशन चौकातून मैदानापर्यंत चालत जातात. आम्हीही चाललो. यारा नदीवरून थंड वारा येत होता. कडेवर मुले, गळ्यात पिवळे-काळे किंवा लाल-काळे मफलर. दोन्ही संघांचे चाहते एकाच रस्त्याने, एकमेकांना चिडवत चालले होते. कुठे भांडण नाही की शिवीगाळ नाही.

मैदान म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंड. जगातला पहिला कसोटी सामना १८७७ मध्ये इथेच झाला. सुमारे एक लाख माणसे बसतात. एवढ्या अवाढव्य जागेत आम्हाला काळजी होती नमाजची. पण इथे सर्वधर्मीयांसाठी प्रार्थनेची खोली आहे. आम्ही इशा तिथेच अदा केली. शेजारी रिचमंडचा मफलर घातलेला एक सोमाली तरुण आणि एसेंडनचा एक लेबनानी बुजुर्ग एकाच सफेत उभे होते.

या दोन्ही संघांकडून खेळलेला एक माणूस आहे, बशार हूली. लेबनानी कुटुंबातला मुलगा. २००६ च्या निवडीत एसेंडनने त्याला घेतले, २०११ पासून तो रिचमंडकडे आला आणि २०१७, २०१९, २०२० अशा तीन विजेत्या संघांत होता. नमाज सोडली नाही, दीन लपवला नाही. त्याच्या नावाने आज मुस्लिम शाळांची स्पर्धा भरते. ब्रॉडमेडोजच्या पोरांना तो घरातलाच वाटतो.

आता गुणतक्त्याकडे येऊ. तिकडे त्याला शिडी म्हणतात. १८ संघ, १८ पायऱ्या. जिंकले तर ४ गुण, बरोबरी झाली तर २. दोन संघांचे गुण सारखे झाले तर टक्केवारी पाहतात: आपण केलेले गुण भागिले आपल्यावर झालेले गुण, गुणिले १००. एखाद्या संघाने १२०० केले आणि त्याच्यावर १००० झाले, तर त्याची टक्केवारी १२०. म्हणून हरणारा संघसुद्धा शेवटच्या मिनिटापर्यंत झुंजतो. आज मोठ्या फरकाने हरलो तर ऑगस्टमध्ये एखादी पायरी हुकेल, हे त्याला माहीत असते. तळाच्या संघासाठीही न्याय आहे. हंगामानंतर नवे तरुण खेळाडू निवडताना पहिला हक्क साधारणपणे सर्वात खालच्या संघाचा असतो. २०२० चा विजेता रिचमंड २०२४ मध्ये थेट अठराव्या पायरीवर गेला. तरी त्याचे चाहते मफलर बांधून येतच राहिले. वर गेलेल्याने माजू नये, खाली आलेल्याने खचू नये, हा धडा आम्ही वर्गात किती वेळा शिकवतो! ही शिडी तो दर आठवड्याला शिकवते.

पण त्याच शिडीशेजारी आणखी एक आकडा असतो. वृत्तपत्रात, दूरचित्रवाणीवर, मोबाइलवर प्रत्येक आगामी सामन्याचा अंदाज छापतात आणि संघाच्या नावापुढे भाव देतात: १.६५, २.२५. आमच्या बारा वर्षांच्या पुतण्याला आम्ही सहज विचारले, “बेटा, आज कोण जिंकेल?” तो म्हणाला, “चाची, एसेंडन दीडला आहे.” भाईसाहेब गप्प झाले. घरात कुणी कधी पैसा लावलेला नाही. पोराने हे शिकवणीतून नव्हे, हवेतून घेतले होते.

हा भाव काय असतो, ते शिक्षकी पद्धतीने सांगतो. दोन संघ अगदी तोडीस तोड आहेत असे समजा. कंपनी दोघांनाही १.९० भाव देते. एकाने एका संघावर १०० डॉलर लावले, दुसऱ्याने दुसऱ्यावर १००. कंपनीकडे २०० जमा झाले. जिंकणाऱ्याला ती १९० देते. १० तिच्या खिशात, सामना कुणीही जिंको. आता तरुणांचा लाडका प्रकार पाहा, त्याला तिकडे मल्टी म्हणतात. असे चार सामने एकत्र बांधायचे आणि चारही अंदाज बरोबर आले तरच पैसे. चारही बरोबर येण्याची शक्यता १६ मध्ये १. म्हणजे हिशेबाने १०० चे १६०० मिळायला हवेत. मिळतात सुमारे १३०३. एका सामन्यात कंपनीचा वाटा शंभरात ५ होता, तो चार बांधल्यावर १८ च्या पुढे गेला. पोराला दिसतात ते १३०३. मधले ३०० कुणाचे, हे सातवीच्या गणितात कळते, पण मोबाइल हातात असताना ते गणित कोण मांडतो?

भाईसाहेबांकडे काही महिने आपल्याच भागातला एक विद्यार्थी राहत होता. घरच्यांनी जमीन गहाण ठेवून पाठवलेला. मित्रांबरोबर पाच-पाच डॉलरने सुरुवात झाली. एकदा मल्टी लागली, आणि तेच वाईट झाले. पुढच्या तीन महिन्यांत सत्राची फी गेली. अम्मीला फोनवर “सगळं ठीक आहे” म्हणायचा आणि रात्री जेवणाच्या टेबलावर मान वर करायचा नाही. शेवटी फजरनंतर त्याने मशिदीतच एका बुजुर्गांपुढे तोंड उघडले. लोकांनी वर्गणी काढून फीचा एक हप्ता भरला. पण आधी त्याच्या हाताने त्याचे नाव सरकारी नोंदवहीत घालून घेतले. २०२३ पासून तिथे अशी राष्ट्रीय नोंदवही आहे. माणसाने आपणहून नाव घातले की सट्ट्याच्या सर्व परवानाधारक ऑनलाइन कंपन्यांना त्याची दारे बंद करावी लागतात. आज तो मुलगा नोकरी करून घरचे कर्ज फेडतो आहे. अल्हम्दुलिल्लाह.

हे एका मुलाचे दुखणे नाही. माणशी हिशेब केला तर जुगारात सर्वाधिक पैसा गमावणाऱ्यांत ऑस्ट्रेलियन लोक जगात अग्रभागी आहेत. सगळ्या प्रकारांत मिळून वर्षाला २५ अब्ज डॉलरहून अधिक. खासदार पेटा मर्फी यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने जून २०२३ मध्ये ३१ शिफारशी केल्या. तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने ऑनलाइन जुगाराच्या सर्व जाहिराती बंद कराव्यात, ही त्यातली एक. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये मर्फीबाई कर्करोगाने गेल्या. पुढे क्रेडिट कार्डावर ऑनलाइन सट्टा लावण्यास बंदी आली. ज्या देशात घोड्यांच्या शर्यतीसाठी मेलबर्नला सरकारी सुट्टी असते, त्या देशातले समंजस लोकही आता म्हणू लागले आहेत की पाणी डोक्यावरून गेले.

हे ऐकताना आम्हाला दिव्य कुरआनमधील दोन आदेश आठवत होते. सूरह बकरामध्ये मद्य आणि जुगाराविषयी सांगितले आहे की त्यांत लोकांना काही लाभही आहे, पण त्यांचे पाप लाभापेक्षा मोठे आहे. अज्ञानकाळातील अरब उंट कापून त्याचे वाटे बाणांनी जुगारात लावत आणि जिंकलेले मांस पुष्कळदा गरिबांना वाटत. असा ‘सत्कार्या’चा जुगारसुद्धा इस्लामने ठेवला नाही. सूरह माइदामध्ये तर कारणही सांगितले आहे: सैतान यातून तुमच्यात वैर पेरतो आणि अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून तुम्हाला रोखतो.

पण खेळाला मनाई नाही. प्रेषित (स.) यांनी मदीनेत तयार केलेल्या घोड्यांची शर्यत लावली होती आणि हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) त्यात उतरले होते. हजरत आयशा (रजि.) यांच्याशी आपण स्वतः धावण्याची शर्यत केली. जुगाराबाबत मात्र हदीसचा आशय इतका कडक आहे की ज्याने सोबत्याला नुसते “चल, जुगार खेळू” म्हटले, त्यानेही सदका द्यावा. खेळणे दूरच, बोलावण्याचीच ही भरपाई!

भाभींनी घरात एक चांगली रीत घातली आहे. फ्रिजवर एक कागद चिकटवलेला असतो. दर गुरुवारी घरातले सगळे आपापला अंदाज लिहितात. कुणी पैसा घालत नाही, हरणाऱ्याकडून काही घेतले जात नाही. हंगाम संपला की भाईसाहेब स्वतःच्या खर्चाने सगळ्यांना आइस्क्रीम खाऊ घालतात. पहिल्याला आणि शेवटच्याला सारखेच. पुतण्याने त्या आठवड्यात शिडीची टक्केवारी स्वतः काढली. भागाकार करताना त्याला भाव आठवला नाही, एसेंडनचे गोल आठवले.

वाचकहो, मेलबर्न दूर आहे असे समजू नका. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर मुंबईत आकडा लावला जाई, त्यातूनच मटका जन्मला. त्याने किती घरे बसली हे जुन्या माणसांना विचारा. आयपीएलच्या दिवसांत आमच्या वर्गातली मुले खेळाडूंची नावे नव्हे, मोबाइलवर बनवलेला ‘संघ’ आणि त्याची कमाई सांगत. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, हे चांगलेच झाले. पण कायदा दुकान बंद करतो. मुलाच्या मनातला भाव घरातच पुसावा लागतो.

तेव्हा मुलगा सामना पाहत असेल तर टीव्ही बंद करून उठू नका. शेजारी बसा. कोण चांगले खेळले ते विचारा, गुणतक्ता त्याच्याकडून मांडून घ्या, आणि एकदा तरी कागद-पेन्सिल घेऊन १.९० चे गणित त्याला सोडवायला द्या. ते दहा डॉलर कुठे गेले, हे त्याचे त्यालाच सापडू द्या. अल्लाह आपल्या मुलांना हलालची गोडी देवो. आमीन.