वऱ्हाडी मंडळी, जरा बाहेर पडा!

लग्नाला आलेल्या पाहुण्यांचं शेड्यूल फिक्स असतं. सकाळी पोहे, दुपारी पंगत आणि मधल्या वेळात लॉजच्या खोलीत पंख्याखाली आडवं होऊन मोबाइल. लग्न गोव्याला असेल तर गोष्टच वेगळी. तिथे पत्रिकेसोबत बीच, किल्ले आणि क्रूझची यादीच येते. पण लग्न अंबाजोगाईला असेल तर? 'जिल्हा बीड' म्हटल्यावर पुण्याच्या ऑफिसातला माझा टीममेट म्हणाला, "तिकडे बघणार काय? दुष्काळ?"

गेल्या नोव्हेंबरात, तुळशीची लग्नं उरकल्यावर, माझ्या मामेबहिणीचं लग्न झालं. मुलाकडचे रत्नागिरीचे. म्हणजे घराजवळच समुद्र, बॉस! साखरपुड्याला गेलो तेव्हा त्यांनी आम्हाला भाट्याचा किनारा दाखवला, ब्रह्मदेशच्या राजाला जिथे ठेवलं होतं तो थिबा पॅलेस दाखवला, गणपतीपुळ्याला नेलं. परतताना आमची नवरी गाडीत म्हणाली, "ताई, टीव्हीवर बीडची बातमी लागली की त्या घरात सगळे माझ्याकडे बघणार. त्याच्याआधी त्यांना काहीतरी दाखवून ठेव ना."

हे वाक्य डोक्यात बसलं. मग मी एका कागदावर दोन दिवसांचा प्लॅन टाइप केला, झेरॉक्स काढल्या आणि प्रत्येक खोलीत साबण-टॉवेलसोबत ठेवून दिल्या. तुम्हालाही कधी इकडच्या लग्नाचं आमंत्रण आलं, तर हा घ्या तो प्लॅन.

हळदीच्या दिवशी सकाळी : योगेश्वरी आणि हत्तीखाना

योगेश्वरी ही कोकणातल्या कितीतरी घरांची कुलदेवी. समुद्रकाठच्या माणसांची देवी इतक्या आत, बालाघाटाच्या डोंगरात कशी? एका कथेप्रमाणे देवीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं. वऱ्हाड निघालं, पण मुहूर्त टळला. देवी कुमारिका म्हणून इथेच राहिली आणि वऱ्हाडी जागच्या जागी दगड झाले! उशिरा येणाऱ्या वऱ्हाडाला यापेक्षा कडक वॉर्निंग कुठे मिळणार?

हे दगडी वऱ्हाड बघायचं तर हत्तीखान्यात जा. खडकात कोरलेली ही शैव लेणी आहे. आत खांबांचा मंडप आणि अंगणात दगडाचे हत्ती. गावात तिला जोगाईचा मंडपही म्हणतात. सकाळच्या उन्हात गेलात तर फोटो सॉलिड येतात.

तिथे नवऱ्या मुलाची आत्या बराच वेळ हत्तीला हात लावून उभी होती. म्हणाली, "अगो, आम्ही ओटी भरायला पाच-सहा वेळा येऊन गेलो. गाडीतून उतरायचं, दर्शन घ्यायचं, परत गाडीत. हे आहे इथे, कोणी सांगितलंच नाही."

कोण सांगणार? आम्हीच कधी सांगितलं नाही. इकडची पोरं पुण्यात गेली की 'गाव कुठलं'च्या उत्तरात 'औरंगाबादच्या तिकडे' म्हणून मोकळी होतात. हिंजवडीत अशी बरीच 'तिकडची' मंडळी मला भेटली आहेत.

दुपारी : मराठीचं जुनं घर

गावाबाहेर दरीच्या बाजूला मुकुंदराजांची समाधी आहे. 'विवेकसिंधु' हा त्यांचा ग्रंथ परंपरेने ११८८ सालचा मानतात, म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही सुमारे शंभर वर्षं आधीचा. म्हणूनच त्यांना आद्यकवी म्हणतात. इथली शांतता ऐकायला पैसे पडत नाहीत. थोडा दम असेल तर संत दासोपंतांची पासोडीही बघायला मिळते का, विचारा. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या या माणसाने सुमारे ४० फूट लांब कापडावर अख्खा ग्रंथ लिहून काढला. आपण प्रेझेंटेशनच्या दहा स्लाइड करताना रडतो!

लग्नानंतर : परळी

अंबाजोगाईहून परळी सुमारे २५ किलोमीटर. वैजनाथ हे इथल्या परंपरेत बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. ज्या वराकडे देवीचं वऱ्हाड पोहोचलंच नाही, त्याच्याकडे तुमचं वऱ्हाड तरी जाऊ द्या.

परतीच्या वाटेवर : बीड आणि धबधबे

पुण्याकडे निघालात तर मांजरसुंब्याहून बीडकडे थोडी वाट वाकडी करा. शहराच्या अलीकडे खजाना बारव आहे. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात सलाबत खानाने ती बांधली. जमिनीखालच्या पाटांतून पाणी आपोआप शेतांकडे जावं अशी रचना. ना पंप, ना वीज. ज्या जिल्ह्याचं नाव दुष्काळाशी जोडलं जातं, तिथे पाण्याचा एवढा विचार करणारी माणसं होती, हे काठावर उभं राहूनच कळतं. शहरात कंकालेश्वराचं देऊळ कुंडाच्या मधोमध उभं आहे. काळा दगड, पाण्यात पडलेलं प्रतिबिंब आणि भिंतीवर शस्त्र घेतलेल्या स्त्रियांची शिल्पं. तेही चुकवू नका.

आता एक प्रॅक्टिकल गोष्ट. कपिलधार आणि सौताडा हे दोन्ही धबधबे फेमस आहेत, पण पावसाळ्यात. लग्न मे महिन्यातलं असेल तर तिथे फक्त कातळ दिसेल. लग्नाचा सीझन आणि धबधब्याचा सीझन जुळत नाही, पत्रिका जुळली तरी!

आणि खाणं? पंगतीत येसराची आमटी आली की दुसऱ्यांदा मागून घ्या. सकाळी धपाटे-दही. दिवाळीच्या आसपास आलात तर बालाघाटातली सीताफळं. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालंय. रेल्वेने यायचं तर १७ सप्टेंबर २०२५ पासून बीडहून अहिल्यानगरला गाडी धावू लागली आहे. आमच्या आजोबांच्या पिढीने जिची नुसती चर्चा ऐकली, ती ही गाडी.

एक गोष्ट मी कागदावर लिहिली नव्हती, तरी पाहुण्यांनी ती पाहिलीच. येताना समोरून ट्रक आणि ट्रॅक्टर येत होते. वर संसार बांधलेला, भांडी, कोंबड्या, पोरं. ऊसतोडीला निघालेली कुटुंबं. मुलाच्या काकांनी विचारलं, "हे कुठे चालले?" मामाने सरळ सांगितलं, "तुमच्या-आमच्या चहातली साखर तोडायला. उन्हाळ्यात परत येतील." गाडीत थोडा वेळ कोणी बोललं नाही. मला वाटलं होतं, हे दिसायला नको. आता वाटतं, दिसलं तेच बरं झालं. नुसती देवळं दाखवली असती तर ते ब्रोशर झालं असतं. सून ज्या मातीतून येते ती पूर्ण दिसलेली बरी. बारवही आणि ट्रकही.

तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या घरी लग्न निघालं, की मेंदीवाली आणि डीजे ठरवण्याच्या गडबडीत अर्धा तास काढा. आपल्या गावातल्या पाच जागा लिहा. सोबत कधी जायचं, कुठे काय खायचं आणि कोणाला फोन करायचा, एवढंच. गाव लातूर जिल्ह्यातलं असो, परभणीचं असो की चंद्रपूरकडचं. 'आमच्याकडे काय बघणार?' हे वाक्य मात्र त्या कागदावर नको.

खर्च? झेरॉक्सचे पैसे. आहेराच्या पाकिटापेक्षा नक्कीच कमी.