सहा बाजारांचं केदाइन्याय

लिथुएनियातल्या काउनासहून उत्तरेला पन्नासेक किलोमीटरवर, नेवेझिस नदीच्या काठी केदाइन्याय वसलं आहे. रेल्वे स्टेशनाजवळच्या उद्यानात एक मिनार आहे, पण शेजारी मशीद नाही. तुर्कांवरच्या विजयाची आठवण म्हणून रशियन सेनानी एदुआर्द तोतलेबेन यांनी तो १८८० मध्ये बांधून घेतला. मी तिथे फार रेंगाळले नाही. ज्यांनी इथे खरोखर प्रार्थना केल्या, त्यांच्या वास्तू जुन्या गावात आहेत.

त्या गावात एकेकाळी सहा बाजार-चौक होते. सतराव्या शतकात केदाइन्याय रादविला घराण्याच्या हाती आलं. कॅथलिक देशातले हे कॅल्विनपंथी सरदार. त्यांना गावात व्यापारी आणि कारागीर हवे होते. मग स्कॉटलंडहून कॅल्विनपंथी व्यापारी आले, जर्मन ल्यूथरपंथी आले, ज्यू आले. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्सही होतेच. यात हिशेब होता, हे उघड आहे. तरीही मध्य युरोप तीस वर्षं धर्माच्या नावाने होरपळत होता, त्याच काळात इथे वेगवेगळ्या पंथांचे लोक एकाच गावात दुकानं मांडत होते. हिशेबातून आलेल्या या शहाणपणालाही मी मनापासून मान देते. इथे छापखाना निघाला आणि १६५३ मध्ये लिथुएनियन भाषेतलं प्रोटेस्टंट प्रार्थनापुस्तक छापलं गेलं.

मोठ्या चौकाजवळच्या कॅल्विनपंथी चर्चखाली रादविलांचं तळघर आहे. नक्षीदार धातूच्या शवपेट्या, त्यांत लहान मुलांच्याही. त्या घराण्यातला सरदार योनुशास रादविला इथेच आहे. १६५५ च्या ऑगस्टमध्ये रशियन फौजांनी राजधानी विल्न्युस घेतली, दुसरीकडून स्वीडनची फौज पोलंडमध्ये घुसली होती, आणि वॉर्साहून मदत येण्याची चिन्हं नव्हती. २० ऑक्टोबरला योनुशासने केदाइन्यायमध्ये करार करून लिथुएनियाचं पोलंडशी असलेलं नातं तोडलं आणि स्वीडनशी जोडलं. तो करार टिकला नाही. वर्ष सरता सरता, वेढा पडलेल्या तिकोचिनच्या किल्ल्यात योनुशास मरण पावला. पुढे हेन्रिक शेन्केविचने आपल्या ‘पोतोप’ कादंबरीत त्याला गद्दार म्हणून रंगवलं आणि पोलिश वाचकांच्या मनात ती प्रतिमा पक्की बसली. त्याच्या महत्त्वाकांक्षेवर मी पांघरूण घालणार नाही. पण राजधानी गेलेली असताना त्याच्यापुढे कुठला निष्कलंक मार्ग उरला होता, हे त्या पेटीसमोर उभी असताना मला सांगता आलं नसतं.

जुन्या बाजारापाशी दोन सिनेगॉग शेजारी शेजारी आहेत. ज्यू विद्वत्तेतलं फार मोठं नाव असलेले ‘विल्नाचे गाओन’ एलियाहू लहानपणी याच गावात शिकले. आता एका सिनेगॉगमध्ये बहुसांस्कृतिक केंद्र आहे. भिंती नीट राखल्या आहेत, प्रदर्शनं भरतात. मात्र ज्यांनी ते बांधलं, त्यांचं काय झालं हे नाझींच्याच अहवालात आकड्यांनी नोंदलेलं आहे : २८ ऑगस्ट १९४१, ७१० पुरुष, ७६७ स्त्रिया, ५९९ मुलं. एकूण २,०७६. जर्मनांच्या हुकमावरून झालेल्या या कत्तलीत स्थानिक लिथुएनियन माणसांचाही हात होता. अनेक धर्मांचं गाव म्हणून केदाइन्यायचं कौतुक करताना हे वाक्य गाळणं मला अप्रामाणिक वाटतं. शतकं लागून जमलेली वस्ती एका दिवसात संपली.

गावापासून थोड्या अंतरावर शेतेन्याय आहे. १९८० चं नोबेल मिळवणारे कवी चेस्वाव मिवोश इथे १९११ मध्ये जन्मले. त्यांनी ‘इस्साचं खोरं’ ही कादंबरी लिहिली. त्यातली इस्सा म्हणजे ही नेवेझिसच. पन्नासहून अधिक वर्षांनी, १९९२ मध्ये ते परत आले तेव्हा त्यांच्या वाड्याचा मागमूस नव्हता. जुनं धान्याचं कोठार तेवढं राहिलं होतं. ते दुरुस्त करून आता तिथे साहित्यिक मेळावे भरतात. मिवोश आयुष्यभर पोलिशमध्ये लिहीत राहिले आणि स्वतःला लिथुएनियाच्या जुन्या महारियासतीच्या शेवटच्या नागरिकांपैकी एक मानत राहिले. केदाइन्यायचे चौक आधी पायाखालून गेले होते, त्यामुळे त्यांना कुठल्या नागरिकत्वाबद्दल बोलायचं होतं ते मला तिथे उमगलं.